दुसरी प्रत : हरवलेले संगीत आणि आपली जबाबदारी

(१)
आजचा धागा लढाईचा, तहाचा किंवा किल्ल्याचा नाही. तो माझ्याच संगणकातून पुसल्या गेलेल्या एका ध्वनिमुद्रणाचा आहे, आणि त्या निमित्ताने संगीत कसे हरवते व कसे टिकते याच्या इतिहासाचा आहे. माझे मत आरंभीच नोंदवते. जे संगीत आपल्यापर्यंत पोहोचले, ते केवळ श्रेष्ठ होते म्हणून पोहोचलेले नाही. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुणाजवळ होती म्हणून पोहोचले. ज्याला आपण ‘बॅकअप’ म्हणून तंत्रज्ञांच्या गळ्यात टाकतो, ते मुळात इतिहासाचे काम आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

(२)
दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मावळातल्या आमच्या घरी मी आजीच्या १४ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पडवीत पडून असलेले जाते त्यासाठी पुसून घेतले होते. “नुसती गात नाही मी, हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही,” असे ती म्हणाली. म्हणून मूठभर तांदूळ घालून खरोखरच दळायला बसली. रेकॉर्डर मैत्रिणीकडून उसना आणला होता. पुढे संक्रांतीपर्यंत मी त्या ओव्यांना हार्मोनियमची साथ जोडून चार मिनिटांची एक रचना तयार केली आणि ती घरच्यांना पाठवली. सर्वांनी कौतुक केले. काम झाले असे वाटून मी निर्धास्त झाले.

(३)
मे महिन्यात लॅपटॉपवरची जागा संपली. ‘हे सगळे क्लाउडवर आहेच’ अशा समजुतीने मी तो संपूर्ण फोल्डर पुसला. वस्तुतः तो क्लाउड म्हणजे माझ्या लॅपटॉपचा आरसा होता. इथले पुसले की तिथलेही पुसले जात होते. ऑगस्टमध्ये आजी गेली. दहाव्याच्या दिवशी आत्याने विचारले, “आईच्या सगळ्या ओव्या आहेत ना तुझ्याकडे? तो पेटीचा आवाज नको, नुसती तीच ऐकव.” मी फोल्डर उघडायला गेले, तेव्हा तिथे काहीच नव्हते. पुसलेल्या फायली क्लाउडच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात. तीही मुदत केव्हाच उलटून गेली होती.

(४)
पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण संगीत करणारे अनेकजण इथेच फसतात. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधली ‘प्रोजेक्ट फाइल’ म्हणजे गाणे नव्हे. बहुतेक वेळा तिच्यात आवाजही नसतो. कोणते ध्वनिमुद्रण कुठून सुरू करायचे, कुठे कापायचे, किती मोठ्याने वाजवायचे, एवढ्या सूचना तिच्यात असतात. मूळ आवाज वेगळ्या फायलींत, पुष्कळदा वेगळ्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात. म्हणजे प्रोजेक्ट ही अनुक्रमणिका, मूळ ध्वनी ही पोथीची पाने आणि आपण सर्वांना पाठवतो ती एमपी३ म्हणजे पोथीचे एकदा केलेले वाचन. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या हरवतात.

(५)
हे तिहेरी नाते आजचे नाही. योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार २८ जुलै १७५० रोजी लाइपझिगमध्ये वारला. चर्चमधील उपासनेसाठी वर्षभर पुरतील अशा ‘कँटाटां’च्या पाच मालिका त्याने रचल्या, असे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखात म्हटले आहे. आज हाती आहेत त्या सुमारे २००. म्हणजे मोठा हिस्सा नाहीसा झाला. त्या काळी अशा रचनेची कागदपत्रे दोन प्रकारची असत. एक, संगीतकाराच्या हातची संपूर्ण संहिता, जिच्यात सर्व वाद्ये व गळे एकाखाली एक लिहिलेले असत. दुसरे, प्रत्येक वादकासाठी व गायकासाठी स्वतंत्रपणे उतरवलेले सुटे कागद.

(६)
वारसाहक्कात ही कागदपत्रे विभागली गेली. १७२४–२५ मधील प्रार्थनागीतांवर आधारलेल्या कँटाटांच्या संहिता थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्याकडे, तर त्यांचे सुटे कागद पत्नी आना माग्डालेना हिच्याकडे गेले. तिने ते लाइपझिगच्या थोमासशाळेला दिले. फ्रीडेमानने पुढे आर्थिक ओढाताणीत जवळची हस्तलिखिते विकली व ती पांगली. तरीही ती मालिका आज बव्हंशी गाता येते, कारण शाळेच्या कपाटात सुटे कागद शाबूत राहिले. बाखची थोरवी सर्व मालिकांना सारखीच लागू होती. फरक पडला तो दुसऱ्या प्रतीमुळे आणि ती दुसऱ्या हातात होती यामुळे.

(७)
आता आपल्या घरचे उदाहरण. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि त्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धेच्या प्रांतात मी शिरत नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला दुसरी बाजू दिसते. तुकोबांचे अभंग तोवर कीर्तनात, टाळकऱ्यांच्या तोंडी आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या लेखनात उतरले होते, असे परंपराच सांगते. नदीत गेली असेल ती एक प्रत. उरलेल्या प्रती माणसांत होत्या आणि त्या बुडवण्याजोगी नदी कुणाकडेच नव्हती.

(८)
१८६९ आणि १८७३ मध्ये मुंबई सरकारच्या आश्रयाने गाथेची दोन खंडांतली आवृत्ती निघाली. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित हे तिचे संपादक. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखितांचा त्यांनी आधार घेतला. साडेचार हजारांहून अधिक अभंग आपल्या हाती आहेत ते या विखुरलेल्या वह्यांमुळे. परंतु एक गोष्ट त्या वह्यांत नव्हती. तुकोबा स्वतः ते कोणत्या चालीत गात, कुठे थांबत, कोणत्या शब्दावर जोर देत, हे आता कधीही कळणार नाही. वारकरी चाली जिवंत आहेत, पण तो गळा गेला. शब्दांच्या प्रती होत्या. आवाजाची प्रत करण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

(९)
यावर नेहमी एक आक्षेप येतो. “जे खरोखर श्रेष्ठ असते ते टिकतेच. जे हरवले ते हरवण्याच्याच लायकीचे होते.” हा युक्तिवाद ऐकायला रुबाबदार असला तरी पोकळ आहे. जे टिकले त्याचीच पारख आपण करू शकतो. जे हरवले ते श्रेष्ठ होते की सामान्य, हे ठरवायला ते समोर नाही. घराण्यांमध्ये बंदिशी लपवून ठेवण्याची रीत होती. एखादी अस्सल चीज उस्ताद फक्त थोरल्या मुलाला देई, आणि मुलगा अकाली गेला की चीजही जाई. विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडून बंदिशी जमवत, स्वरलिपीत उतरवत आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापत होते, ते या एकुलत्या एका प्रतीच्या भयापोटीही. स्वरलिपीत गायकी पुरती उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. पण अपुरी प्रत आणि शून्य प्रत यांत निवड करायची झाली, तर मी भातखंड्यांच्या बाजूने उभी राहीन.

(१०)
आवाजाची प्रत करण्याचे साधन आले तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला : ही प्रत कुणाची? १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे झाली. मूळ मुद्रिका जर्मनीत हानोवरला जात आणि तिथे त्यांच्यावरून तबकड्या निघत. तिथल्या कामगारांना गायिका ओळखता येणे शक्यच नव्हते. म्हणून गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत. ध्वनीच्या आतच त्याची ओळख ठेवण्याची ही युक्ती किती शहाणपणाची होती, हे मला पुढे पटले. माझ्या फायलींची नावे ‘नवीन १’, ‘नवीन १ फायनल’, ‘फायनल खरे’ अशी होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तबकडीवरची गायिका आज निःसंशय ओळखता येते, आणि माझीच फाइल मला ओळखता आली नाही.

(११)
बर्लिनमध्ये १९०० साली कार्ल श्टुंफ यांनी फोनोग्राम संग्रहाची पायाभरणी केली. जगभरचे संगीत मेणाच्या नळकांड्यांवर टिपून तिथे जमा होई. मेणाची अडचण अशी की प्रत्येक वेळी वाजवताना ते थोडे झिजते. म्हणजे ऐकणे हेच नष्ट करणे. म्हणून त्या नळकांड्यावर विद्युत्प्रक्रियेने तांब्याचा साचा चढवत. या प्रक्रियेत मूळ मेण नष्ट होई, पण साच्यातून पुन्हापुन्हा नवी नळकांडी ओतता येत. दुसऱ्या महायुद्धात संग्रह बर्लिनबाहेर हलवावा लागला. त्यातला मोठा भाग सोव्हिएत संघात गेला आणि अनेक दशकांनी पुन्हा एकत्र आला. तांबे टिकले म्हणून आवाज टिकले. १९९९ मध्ये युनेस्कोने या संग्रहाची जागतिक स्मृतीत नोंद केली.

(१२)
जुन्या काळाकडे सहानुभूतीने पाहता येते, साधनेच नव्हती. आपल्या काळाला ती सबब नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्यात युनिव्हर्सल म्युझिकच्या मूळ ध्वनिफितींचे कोठारही जळाले. नुकसान किरकोळ आहे असा जगाचा समज राहिला. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कंपनीच्याच २००९ मधील अंतर्गत कागदपत्रांचा हवाला देऊन अंदाजे पाच लाख गाण्यांच्या मूळ फिती नष्ट झाल्याचे छापले. नेमका आकडा किती यावर पुढे वाद झाला. मात्र एका मुद्द्यावर विचार करावा. त्यातली कितीतरी गाणी बाजारात आजही मिळतात. जळाले ते त्यांचे मूळ : वेगवेगळे गळे, वेगवेगळी वाद्ये, न छापलेले प्रयत्न. आत्याने माझ्याकडे मागितले होते तेच.

(१३)
आगीला निदान धूर तरी असतो. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावरची २००३ ते २०१५ या बारा वर्षांत चढवलेली गाणी नाहीशी झाल्याचे उघड झाले. कारण सांगितले गेले ते सर्व्हर बदलताना झालेल्या गडबडीचे. सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांची ५ कोटींहून अधिक गाणी. यांतले बहुसंख्य नवखे, हौशी, आपल्याच वयाचे. त्यांनी आपली गाणी तिथे ‘ठेवली’ होती आणि घरची प्रत जपण्याचे कारण त्यांना उरले नव्हते. व्यासपीठ म्हणजे कोठार नव्हे, हे त्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. मी त्यांना हसू शकत नाही. मे महिन्यात मीही तेच केले होते.

(१४)
पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. संगीतकारांचे परस्परसंबंध अभ्यासणाऱ्या एका विद्यापीठीय गटाने २००८ ते २०१० या काळात संशोधनासाठी मायस्पेसवरची गाणी उतरवून घेतली होती. नुकसान उघड झाल्यावर त्या निनावी अभ्यासकांनी आपला साठा इंटरनेट आर्काइव्हच्या स्वाधीन केला. ती ४ लाख ९० हजार गाणी आज ऐकता येतात. शंभरातले साधारण एक गाणे वाचले. ते वाचवणारे ना मालक होते, ना गायक. ते अभ्यासक होते आणि त्यांनी आपले अभ्याससाहित्य टाकून दिले नव्हते, एवढेच. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

(१५)
आमच्या जात्याकडे परत येते. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत, खेड्यापाड्यांतल्या बायांच्या सहकार्याने, जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या पुढाकाराने १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झाले. हा साठा गुरुग्रामच्या संगीतसंशोधन केंद्रात राहिला, नंतर फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला गेला, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळामुळे पुन्हा मराठी श्रोत्यांपुढे आला. मुळशी-मावळच्या बायांचा आवाज इतकी मजल मारून घरी परतला, कारण दर मुक्कामी कुणीतरी प्रत केली, नाव लिहिले, गाव लिहिले. ज्या पिठाच्या गिरण्यांनी जाते थांबवले, त्यांच्या घरघरीतून ओव्या ऐकू येत नाहीत.

(१६)
आता माझ्या शोधाचे काय झाले ते सांगते, म्हणजे कुणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल. पहिला धडा : हरवल्याचे कळताच त्या साधनावर नवे काहीही लिहू नये. फाइल पुसली जाते तेव्हा बहुधा तिची नोंद तेवढी जाते. मजकूर दुसरे काही त्यावर येईपर्यंत जागेवर असू शकतो. मात्र हे जुन्या हार्ड डिस्कबाबत व मेमरी कार्डाबाबत अधिक खरे. आजच्या लॅपटॉपमधील एसएसडी पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करत राहते, तिथे आशा फार थोडी. माझ्या लॅपटॉपमधून काहीच मिळाले नाही. चार दिवस मी निरनिराळी सॉफ्टवेअर त्यावर चढवत होते, हेच मुळात चुकीचे होते.

(१७)
दुसरा धडा : सॉफ्टवेअरने आपल्या नकळत केलेल्या प्रती शोधाव्यात. एबलटन लाइव्ह प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ नावाचा उपफोल्डर ठेवते. प्रो टूल्समध्ये ‘सेशन फाइल बॅकअप्स’ असतो. रीपर आणि क्यूबेस जुन्या आवृत्त्या वेगळ्या शेपटीच्या नावाने जपतात. प्रोजेक्ट बिघडला असेल, चुकून काही वगळले गेले असेल, तर बहुतेकदा तिथेच उत्तर मिळते. माझा तर फोल्डरच गेला होता. म्हणून मी माणसांकडे वळले. हार्मोनियम वाजवणाऱ्या मित्राला डिसेंबरमध्ये मी प्रोजेक्ट फाइल मेलने पाठवली होती. ती त्याच्याकडे होती! घाईघाईने उघडली. सर्व ट्रॅक जागच्या जागी, माझ्या टिपांसह : ‘इथे आजी हसली’, ‘इथे जाते थांबले’. आणि प्रत्येक ट्रॅकसमोर एकच संदेश : मूळ फाइल सापडत नाही. अनुक्रमणिका होती, पोथी नव्हती.

(१८)
तिसरा धडा : मुळाकडे जावे. मैत्रिणीच्या रेकॉर्डरमधले मेमरी कार्ड तिने नंतर फॉरमॅट करून त्यावर एक व्याख्यान मुद्रित केले होते. सुदैवाने तेवढेच. फोटोरेक या मोफत साधनाने आम्ही ते कार्ड तपासले. अशी साधने फायलींची नावे परत आणत नाहीत. नुसत्या क्रमांकांचा ढीग देतात. एकेक फाइल ऐकत, मित्राकडच्या प्रोजेक्टमधल्या टिपांशी ताडून पाहत, आम्ही १४ पैकी ९ ओव्या ओळखल्या. उरलेल्या पाचांच्या जागी व्याख्यान आले होते. त्या पाच ओव्या आता फक्त त्या चार मिनिटांच्या एमपी३मध्ये आहेत, माझ्या हौशी हार्मोनियमच्या मागे, अर्धवट. ती पेटी मी कितीही प्रयत्न केला तरी आता बाजूला करू शकत नाही.

(१९)
तेव्हा सापडणे हा योगायोग आहे. बर्लिनच्या सिंग-अकादमीचा, बाख घराण्याची हस्तलिखिते असलेला संग्रह युद्धात नाहीसा झाला, १९९९ मध्ये कीव्हमध्ये सापडला आणि २००१ मध्ये परत आला. अशा बातम्या आपल्याला आवडतात, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा साधा नियम आहे : प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर यांपेक्षा यात नवे काहीच नाही. आणि लक्षात असू द्या, दोन उपकरणे एकमेकांशी जुळवून ठेवणारा क्लाउड ही दुसरी प्रत नव्हे. जिथे माझी चूक आपोआप पोहोचते, ती प्रत माझ्या चुकीपासून मला वाचवू शकत नाही.

(२०)
संगीताच्या प्रोजेक्टला आणखी थोडी काळजी लागते. काम संपले की सर्व ध्वनी एकाच फोल्डरमध्ये गोळा करावेत. एबलटनमध्ये त्यासाठी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ ही आज्ञा आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय असते. मग प्रत्येक गळा व प्रत्येक वाद्य स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून, सर्व एकाच आरंभबिंदूपासून, काढून ठेवावे. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर किंवा त्यातला एखादा प्लगइन चालणार नाही. साधी ध्वनिफाइल बहुधा चालेल. आना माग्डालेनाने शाळेला दिलेले सुटे कागद ते हेच. सोबत एक साधी मजकुराची फाइल : कोण गाते आहे, कुठे, कोणत्या दिवशी, लय किती, पट्टी कोणती, आणि हे सर्वांना ऐकवायला तिची परवानगी आहे का.

(२१)
आणि शेवटची, सर्वाधिक टाळली जाणारी गोष्ट : प्रत उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडलीच नाही, ती आहे असे म्हणता येत नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे-अवजारे पुसतो त्या दिवशी हवे तर, बाहेरची हार्ड डिस्क काढावी, दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडावी आणि एखादा जुना प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहावा. दफ्तरखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रुमाल बांधलेला आहे, वर क्रमांक आहे, यादीत नोंद आहे; आणि सोडल्यावर आत वाळवीचा भुगा. नोंद म्हणजे कागद नव्हे.

(२२)
दुसरा एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. “सगळेच जपून ठेवायचे का? विसरणे हाही माणसाचा हक्क आहे. फसलेले प्रयत्न, बेसूर ताना, अर्धवट चाली यांचा ढीग पुढच्यांच्या डोक्यावर कशाला?” याच्याशी मी अर्धी सहमत आहे. सगळे जपणे शक्य नाही आणि इष्टही नाही. निवड करावीच. ज्याला आपले कच्चे काम जगासमोर नको असेल, त्याने ते जरूर पुसावे. माझा विरोध न निवडता गमावण्याला आहे. आजीच्या पाच ओव्या मी टाकाऊ ठरवून पुसल्या असत्या तर तो निर्णय झाला असता, चुकीचा का होईना. मी काहीच ठरवले नव्हते. लॅपटॉपवर जागा हवी होती, एवढेच.

(२३)
आपण, इतिहासाची आवड असलेली मंडळी, जुन्या लोकांच्या निष्काळजीपणावर फार लवकर चिडतो. अमक्याने दप्तर रद्दीत घातले, तमक्याच्या घरची बखर उंदरांनी खाल्ली. रास्त संताप आहे. पण आपल्या काळाची साधने आपल्याच हातून रोज नष्ट होत आहेत. गावच्या भजनी मंडळाचे मुद्रण एकाच फोनमध्ये, लोकशाहिराची मुलाखत एकाच पेनड्राइव्हमध्ये, मित्राची पहिली चाल एकाच लॅपटॉपमध्ये. संस्थांनी जपावे ही मागणी करायलाच हवी. परंतु संस्थेपर्यंत वस्तू पोहोचेतो ती शिल्लक राहिली पाहिजे. तोवरचा रक्षक निर्माता स्वतः असतो किंवा त्याचा एखादा दक्ष मित्र.

(२४)
त्या नऊ ओव्या आता तीन जागी आहेत : माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर, दुसऱ्या खात्यावर, आणि मावळात आत्याच्या कपाटात पेनड्राइव्हवर. सोबत कागदावर हाताने लिहिलेली यादी आहे, गावाच्या व गाणारीच्या नावासह. पाचांच्या जागा मी यादीत रिकाम्या सोडल्या आहेत. आत्याला त्यांतल्या दोन पाठ आहेत. या दिवाळीत ती गाणार आहे. तो आजीचा आवाज नसेल, पण शब्द आणि चाल असेल, आणि त्याच दिवशी त्याच्या तीन प्रती होतील.

(२५)
इथे धागा संपतो. एकच विनंती. तुमच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ज्याची दुसरी प्रत नाही असा एखादा आवाज नक्की असेल. आज झोपण्यापूर्वी त्याला नीट नाव द्या आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी पाठवा. असे काही जपले असेल, गमावले असेल किंवा परत मिळवले असेल, तर खाली जरूर लिहा. तपशिलात चूक आढळल्यास तीही दाखवावी, दुरुस्ती करीन.